हेवा सोडून बाकी सगळं

राखेच्या बुधवारी सकाळची उपासना आटोपून लखनऊच्या आलमबागला मेट्रोत बसले. समोर बसलेली कॉलेजची मुलगी जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने पर्समधून ओला टिश्यू काढून पुढे केला. "आंटी, माथे पे कुछ लग गया है." मी म्हटलं, "लगा नहीं है बेटा, लगवाया है." ती गोंधळली. तिला काय सांगणार, की ही गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये हातात घेतलेल्या झावळ्या जाळून केलेली राख आहे, पाळकसाहेबांनी अंगठ्याने माझ्या कपाळावर क्रूस काढलाय, आणि आजपासून ईस्टरपर्यंत आमचा उपवासकाळ, ज्याला इथे सगळे लेंटच म्हणतात. तिचं स्टेशन आलं. ती उतरून गेली आणि तो टिश्यू माझ्या हातात राहिला.

मेट्रो खांबांवरून जाते, त्यामुळे आलमबागेच्या ज्या गल्ल्यांतून पूर्वी स्कूटर काढताना जीव मेटाकुटीला यायचा, त्या आता वरून दिसतात. रेल्वेच्या जुन्या क्वार्टर्समागची एक गल्ली आहे. वर्षभर मी तिच्याकडे बघत नाही. लेंटमध्ये मात्र मान आपोआप वळते.

हा ऋतूच तसा आहे. थंडी गेलेली नसते आणि स्वेटर तर नकोसा झालेला असतो. आंब्यांना मोहोर येतो, इथे त्याला बौर म्हणतात, आणि झाडाखाली स्कूटर लावली की सीट चिकट होते, बसलं की साडी चिकटते. कडुनिंब पानं टाकायला लागतो. कॉलनीतल्या गच्च्यांवर होळीच्या आधी बटाट्याचे पापड वाळत पडतात, आणि प्रत्येक घरातून कोणीतरी पोर रसायनशास्त्र पाठ करत असतं. आमच्या घरातही त्या वर्षी एक होतं. दोन हजार नऊच्या आसपासची गोष्ट. जुई दहावीला होती, आम्ही चिनहटच्या अलीकडे संस्थेच्या कॉलनीत राहत होतो, आणि मी ख्रिस्तावर जळत होते.

लिहायला बरं वाटत नाही, पण दुसरा शब्द नाही. जळत होते. नवऱ्याने बाहेर दुसरं घर केलं असतं तर मी काय करायचं ते मला माहीत होतं. आमच्या नगरच्या बायका अशा वेळी काय करतात ते मी लहानपणापासून पाहिलंय, त्यात आरडाओरडा असतो, माहेरची माणसं बोलावणं असतं, सवतीच्या झिंज्या असतात. इथे सवतच अशी होती की तिच्यासमोर दर रविवारी मीच गुडघे टेकत होते.

नीट सांगते. आम्ही दोघं नगरचे, पिढ्यान् पिढ्यांचे ख्रिस्ती. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. माझ्या पणजोबांनी पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांचं पाणी तोडलं, भावांनी नाव टाकलं. जे काही सोसायचं ते त्यांनी सोसलं. त्यांच्यानंतर आम्ही सगळे शिकलो, नोकऱ्यांना लागलो, नाताळात करंज्या करू लागलो. ख्रिस्त आमच्या घरात होता, जसे घरातले वडीलधारे असतात तसा. त्याचा मान होता, त्याच्या नावाने जेवण सुरू व्हायचं, आणि बाकी आमचं आमचं चालायचं. अविनाशचं आणि माझं लग्न झालं, त्यांना लखनऊच्या संशोधन संस्थेत औषधी वनस्पतींवरचं काम मिळालं, आम्ही इथे आलो. चार-पाच वर्षं काढू आणि पुण्याला बदली घेऊ, असं ठरलं होतं. ठरवणारी अर्थात मीच.

लेंट आला की आमच्या इथल्या मंडळीत एक खेळ सुरू होतो. "आपने क्या छोड़ा?" कोणी मटण सोडतं, कोणी टीव्हीवरची मालिका. एका बाईंनी एकदा नणंदेशी बोलणं सोडलं होतं आणि त्याला उपवास म्हणत होत्या. मी त्या वर्षी चहा आणि गोड दोन्ही सोडलं. चहा सुटल्यामुळे माझं डोकं दुखायचं, आणि त्यामुळे घरात सगळ्यांचाच उपवासकाळ कडक चालला होता. त्यात होळी आली. शेजारच्या मिश्राभाभी परातभर गुजिया, म्हणजे खव्याच्या करंज्या, घेऊन दारात. "आपके यहाँ रोज़ा चल रहा है न? एक से कुछ नहीं होता." मी परात घेतली, हसले, आणि स्वयंपाकघरात नेऊन त्या गुजियांकडे नुसती बघत उभी राहिले.

अविनाशनी काहीच सोडलं नव्हतं. ते मजेत गुजिया खात होते. त्यांनी फक्त पहाट दिलेली होती.

आमच्या चर्चमध्ये एक निवृत्त रेल्वे गार्ड होते. सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत. धिप्पाड, ताठ, आणि तोंडाचे अत्यंत फटकळ. तिसऱ्या रांगेतली कोपऱ्यातली जागा त्यांची. मी लखनऊला आल्यावर पहिल्याच रविवारी अजाणता तिथे बसले, तर भर उपासनेत म्हणाले, "उठिए. मद्रासी हैं क्या?" मराठी म्हटलं तर म्हणाले, एकच. माझ्या गाण्यालाही त्यांनी नावं ठेवली होती. ते मी विसरले नव्हते. असे हे गार्डसाहेब एक दिवस अर्धांगवायूने आडवे झाले. बायको आधीच गेलेली, मुलगा परदेशात, तो दिवसाच्या कामाच्या बाईचा पगार पाठवायचा आणि स्वतः यायचा नाही. पण एवढ्या जड माणसाला उचलून आंघोळ कोण घालणार? पाळकसाहेबांनी उपदेशात विचारलं, आणि त्या उपदेशाच्या भरात मंडळीतल्या पुरुषांनी हात वर केले. दर सकाळी एक जण, अशा पाळ्या लागल्या.

पहिला पुरुष थंडीत गळाला. दुसऱ्याला गार्डसाहेबांनी आईवरून शिवी दिली. तिसऱ्याची पाठ धरली. एकेक करून सगळे गळाले आणि त्यांच्या पाळ्या आपोआप अविनाशकडे आल्या, कारण हे नाही म्हणत नाहीत. दोन वर्षं झाली होती. रोज पहाटे हे उठत, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, आलमबागला, स्कूटरवर जात, त्या म्हाताऱ्याची आंघोळ, दाढी, कपडे करून, त्याला नाश्ता भरवून परस्पर संस्थेत जात. संध्याकाळी आल्यावर त्यांच्या अंगाला फिनेलचा आणि तिळाच्या तेलाचा वास यायचा. सरकारी नोकरीत माणसं ज्या गोष्टींनी वर चढतात, उशिरापर्यंत थांबणं, साहेबांच्या घरी जाणं, परिषदांना हजर राहणं, त्यातलं एकही हे करत नव्हते. मागून आलेले पुढे गेले.

एकदा मी डबा द्यायला म्हणून गेले. खरं तर बघायलाच गेले. गल्लीच्या टोकाला एक खोली, खिडकीत जुना रेल्वेचा कंदील, पलंगावर म्हातारा. त्याचे पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात, आणि अविनाश खाली पाटावर बसून त्याच्या पायाची नखं कापत होते. जाड, पिवळी, वळलेली नखं. एकेका बोटाला किती तरी वेळ. लहान मूल चित्र रंगवताना जीभ बाहेर काढतं, तशी यांची जीभ बाहेर आली होती. म्हातारा वरून ओरडत होता, "अबे धीरे, उँगली काटेगा क्या!" आणि हे म्हणत होते, "नहीं साहब, बस हो गया, बस हो गया."

मी दारातच उभी राहिले. वीस वर्षं संसार केला होता आम्ही. माझ्या टाचांना हिवाळ्यात भेगा पडतात, रक्त येतं, हे या माणसाला ठाऊक तरी होतं का? घरात साखरेचा डबा कुठला ते यांना माहीत नव्हतं. ही जीभ बाहेर काढण्याइतकी एकाग्रता त्यांनी घरात कधी, कशावर, कोणावर खर्च केली होती? मला त्या म्हाताऱ्याच्या नखांचा हेवा वाटला. डबा ठेवला आणि निघून आले.

संध्याकाळी मी विचारलं, "तो शिव्या देतो, मुलगा असून नसल्यासारखा, तुमचा तो कोणी लागत नाही. हे कोणासाठी चाललंय?"

हे म्हणाले, "त्यांच्यासाठी नाही."

"मग?"

त्यावर ते नुसते हसले आणि खाली बघितलं. ते नाव त्यांनी घेतलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, 'हे', 'ते' म्हणत लाजायच्या, तसा हा पन्नाशीकडे झुकलेला शास्त्रज्ञ लाजत होता. पाळकसाहेब ते नाव एका उपदेशात पन्नास वेळा घेत, आम्ही गाण्यांतून घेत होतो, आणि हा माणूस घेऊ शकत नव्हता. तेव्हा मला कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय.

प्रत्येकाने आपापला क्रूस उचलावा, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या घरातला माणूस तो उचलून चालला होता आणि खांदा माझा दुखत होता. याबद्दल कुठे काही सांगितलेलं मला सापडलं नाही.

त्या काळात मला सगळ्यांचाच हेवा वाटायचा. बख्शी का तालाबच्या एअर फोर्स स्टेशनमधली मराठी कुटुंबं गणपतीला, संक्रांतीला भेटायची. दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्यातलं एखादं कुटुंब काळ्या पत्र्याच्या पेट्या भरून नाशिकला, पुण्याला निघून जायचं. बायका वैतागून म्हणायच्या, "परत सामान बांधा, परत शाळा शोधा." मी त्यांच्या पेट्यांवर पांढऱ्या रंगाने लिहिलेली नावं बघत बसायची. माझी धाकटी बहीण नगरला आईजवळ होती. तिचा फोन आला की मागे आईचं खोकणं ऐकू यायचं, कुकरची शिट्टी, कोणीतरी मराठीतून भांडणं. मी फोन ठेवायची आणि जुईला हाक मारायची, आणि जुई म्हणायची, "हाँ मम्मी, क्या हुआ?"

आणि त्याच लेंटमध्ये पुण्याचं आलं. तिथल्या प्रयोगशाळेत जागा रिकामी झाली होती. वरची श्रेणी, राहायला जागा. ईस्टरनंतरच्या सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. अविनाशनी मला ते दोन दिवसांनी सांगितलं, तेही मी पोळ्या लाटताना, पाठमोरी असताना.

"मग?" मी म्हटलं.

"गार्डसाहेबांना मी शब्द दिलाय. ते आहेत तोवर येईन म्हणून."

मी लाटणं खाली ठेवलं. "आणि मला? मला काय दिलंय?"

ते खरंच गोंधळले. असा प्रश्न असू शकतो हेच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणाले, "अगं, तू तर आहेसच."

तू तर आहेसच. आजही हे तीन शब्द आठवले की माझं डोकं फिरतं. भिंत आहे, छत आहे, तशी तू आहेस. जो नाही, जो दिसत नाही, त्याच्यासाठी पहाटे उठायचं, आणि जी आहे ती आहेच. मी त्या दिवशी खूप बोलले. आई थकत चालली आहे, मला मराठी उपासनेत बसायचंय, माझ्या लेकीला माझी भाषा येत नाही, तुमच्या त्या म्हाताऱ्याला मी माझं आयुष्य लिहून दिलेलं नाही. ते ऐकत राहिले. ऐकत राहण्यात हा माणूस पटाईत. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

जुई टेबलावर नकाशे भरत बसली होती. तिने मान वर न करता म्हटलं, "मम्मी, आप पापा से नाराज़ नहीं हो. आप जीज़स से जल रही हो."

"गप्प बस," मी म्हटलं. "भूगोल कर."

आमच्याकडे गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना असते. क्रुसावरून ख्रिस्ताने जे सात शब्द उच्चारले, म्हणजे सात वाक्यंच ती, त्यांतल्या प्रत्येकावर मंडळीतला एकेक जण बोलतो. कोणाला कुठला शब्द मिळतो यावरून महिनाभर आधी रुसवेफुगवे चालतात. पहिला, क्षमेचा शब्द, नेहमी एखाद्या प्रतिष्ठिताला. चौथा, ज्यात तो देवालाच विचारतो की मला का टाकलंस, तो विद्वानाला. सातवा पाळकांचा. आणि बाईला एकच मिळतो, तिसरा, कारण त्यात आई आहे. मरणाच्या दारात तो आपली आई आपल्या शिष्याच्या हवाली करतो, तो शब्द. दरवर्षी कोणीतरी बाई त्यावर मातृप्रेमाबद्दल गोड बोलते, लोक डोळे पुसतात, चौथा सुरू होतो. त्या वर्षी मला तिसरा आला. मी चौथा मागून पाहिला होता. पाळकसाहेब हसून म्हणाले, "बहनजी, वह आपके लिए ज़रा भारी पड़ेगा."

एप्रिल लागला होता. चर्चचे पंखे थंडीनंतर नुकतेच सुरू केलेले, त्यांच्या पात्यांवरची धूळ आमच्या डोक्यावर पडत होती. दारं बंद, बाहेर पांढरं ऊन, वेदीवर काळं कापड. अविनाश दुसरा शब्द चालू असताना मागून आत आले आणि शेवटच्या बाकावर बसले. कामाची बाई सणाला गावी गेली होती म्हणून म्हाताऱ्याला दुपारचंही भरवून आले होते. बाह्या ओल्या होत्या. मी ते पाहिलं, आणि घरून घोटून आणलेलं मातृप्रेम माझ्या डोक्यातून पार उडून गेलं.

मी उभी राहिले. हिंदीत बोलायचं होतं, आणि रागात माझं हिंदी नेहमीच सुधारतं. मी म्हटलं, आपण चित्रांमध्ये त्या आईला निळ्या पदरात शांत उभी करतो. मला नाही वाटत ती शांत असेल. जन्मभर घरात वाढवलेला मुलगा, आणि रस्त्यावरची कोण कुठली माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. तो त्यांच्याबरोबर जेवायचा, त्यांचे पाय धुवायचा, आणि आई दाराबाहेर उभी राहून आत निरोप पाठवायची. "वह जलती होगी," मी म्हटलं. "बहनो और भाइयो, माँ थी, जलती होगी." आणि शेवटी तो तिला देतो काय? ज्यांनी तिचा मुलगा नेला त्यांच्यातलाच एक. म्हणतो, आता हा तुझा. कुठल्या आईला हे पटेल? "पीछे चलने वाले से सब पूछते हैं कि तूने क्या छोड़ा. जो घर में छूट गई, उससे कौन पूछता है?"

एवढं बोलून मी खाली बसले. एरवी तिसऱ्या शब्दानंतर आमीन होतं. त्या दिवशी कोणी आमीन म्हटलं नाही. एक पंखा कुरकुरत होता. शेवटी पाळकसाहेबांनी खाकरून गीताचा क्रमांक सांगितला, आणि चौथ्या शब्दाचे प्राध्यापक उभे राहिले तेव्हा ते बिचारे पहिलं वाक्यच विसरले.

स्कूटरवरून घरी आलो. मी खिचडी टाकली. अविनाश स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं आता रागावतील, आणि मला ते हवंच होतं.

"तू आज त्याच्याशी भांडलीस," ते म्हणाले.

"भांडणारच."

"सगळ्यांसमोर."

"मग कुठे भांडू? घरी तो असतो कुठे? तो तुमच्याबरोबर आलमबागेत."

ते हसले, आणि मग त्यांचं हसू गेलं. "मला तुझा हेवा वाटला," ते म्हणाले. "मी रोज जातो. दोन वर्षं झाली. पण मी त्याच्याशी असं कधी बोललो नाही. मी भितो गं त्याला. कधी कधी वाटतं, मला नाही म्हणायला जमत नाही म्हणून मी हो म्हणतो, बाकी काही नाही. तू घरातल्या माणसाशी भांडावं तशी भांडलीस. मी अजून ओसरीवरच उभा आहे."

मी खिचडी ढवळत राहिले.

"पुण्याचं सोमवारी कळवायचंय," ते म्हणाले. "तू सांगशील ते कळवतो. खरंच सांगतोय. साहेबांचं कोणीतरी बघेल. तुला मी विचारायलाच हवं होतं."

इतके दिवस मला हेच हवं होतं ना? आणि ते समोर आलं तेव्हा मला असा संताप आला की डाव भांड्यावर आपटला. तोपर्यंत माझं बरं चाललं होतं. ते देत होते, माझं जात होतं, आणि मी तक्रार करत होते. त्यात एक सुख होतं. आता जे जायचं ते मला माझ्या हाताने द्यायचं होतं, किंवा माझ्या हाताने ठेवून घ्यायचं होतं. ज्याच्यावर मी भर चर्चमध्ये ओरडून आले, त्याने चार तासांत उत्तर पाठवलं होतं. कौन पूछता है म्हणालीस ना, घे, विचारलं.

मी पुण्याचं घर डोळ्यांसमोर आणलं. गॅलरी, तुळशीबागेतली खरेदी, आई महिनाभर राहायला आलेली, रविवारी मराठी गीतं. आणि पहाटे जाग आलेले अविनाश, पेपर हातात धरून, न वाचता. त्या चेहऱ्याकडे मी जन्मभर बघणार होते. मला माणूस परत मिळाला असता, आणि तो ज्याचा होता त्याचाच राहिला असता. जिंकला असता तोच. आणि काही झालं तरी मला त्याच्यासमोर हरायचं नव्हतं.

"नाही जायचं," मी म्हटलं.

"अगं, नीट विचार कर."

"केलाय. पण उद्यापासून शनिवार माझा. आंघोळ तेवढी तुम्ही लवकर उरकून परत यायचं. दाढी, नाश्ता, नखं, सगळं मी करणार. तुम्ही घरी बसायचं."



गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या मधला तो शनिवार. चर्चमध्ये काही नसतं, वेदी उघडी असते, कोणी काही बोलत नाही. मी बसने आलमबागला गेले. म्हाताऱ्याने मला बघून भिंतीकडे तोंड फिरवलं. दाढी करताना हनुवटीला कापलं, त्याने मला जी शिवी दिली ती बायकांना सहसा देत नाहीत. मीही मराठीत परतफेड केली. त्याला अर्थ कळला नाही, सूर कळला, आणि त्याने मुकाट्याने दुसरा गाल पुढे केला. उपमा भरवला, अर्धा त्याच्या बनियनवर सांडला. यात काहीही पवित्र नव्हतं. पाठ मोडली आणि हाताला वास राहिला.

घरी आले तर अविनाश फाटकात उभे. "जेवले का नीट? डाव्या बाजूने घास द्यावा लागतो."

"माहीत आहे मला."

"काही म्हणाले? माझ्याबद्दल विचारलं?"

"नाही," मी म्हटलं, आणि पाय धुवायला गेले. जो भाव मी दोन वर्षं आरशात बघत होते तो त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर होता. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू.

पुण्याला नाही कळवलं. त्या जागेवर दुसरा कोणी गेला, आणि अविनाश पुढे होते त्याच पदावरून निवृत्त झाले. म्हातारा चिवट निघाला, कितीतरी वर्षं जगला. त्याला चहा किती गरम लागतो, कुठल्या कुशीवर वळवलं की दुखतं, वळीव आला की का चिडतो, हे सगळं मला पाठ झालं. आणि त्याच वर्षांमध्ये कधीतरी नगरला आई अंथरुणाला खिळली. मी सुट्टीला गेले की तिच्यासाठी चहा करायची, आणि धाकटी कप हातातून घेऊन म्हणायची, "ताई, आलं नाही चालत आता तिला." मला माहीत नव्हतं. मी पाहुणी होते. आई गेली तेव्हा माझी गाडी भोपाळच्या पुढे कुठेतरी होती. पोहोचले तर धाकटीने सगळं केलेलं, आईच्या अंगावर तिच्या आवडीचं लुगडं, आणि ते आवडीचं होतं हेही मला धाकटीनेच सांगितलं. मी तिच्या गळ्यात पडून रडले, आणि रडताना तिचा हेवा करत होते. तो हेवा अजून गेलेला नाही. त्याचं काय करायचं ते मला कोणी सांगितलेलं नाही.

आई गेल्यानंतरच्या लेंटमध्ये मी राख लावून घ्यायला गेले नाही, शनिवारी आलमबागलाही नाही. ज्याने माझ्याकडून एवढं घेतलं त्याच्यासमोर मान वाकवायची मला इच्छा नव्हती. अविनाश एकटे गेले. पण ईस्टरच्या आधीचा तो शनिवार आला तेव्हा मी आलमबागला गेले, कारण म्हाताऱ्याला भूक लागली असणार आणि डाव्या बाजूने घास द्यायचं बाईच्या लक्षात राहत नाही.

"इतने दिन कहाँ थी?" म्हातारा खेकसला.

"माँ मर गई मेरी."

त्याने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. घास माझ्या हातात तसाच राहिला. मग त्याने आपला धड हात उचलला, माझं मनगट धरलं आणि घास माझ्याच तोंडाकडे वळवला. "पहले तू खा," म्हणाला. मी खाल्ला. मग त्याला भरवला.

पुढल्या वर्षी राख परत लावून घेतली, आणि तेव्हापासून दरवर्षी घेते. चहा आता सोडत नाही. मंडळीतल्या नव्या मुली विचारतात, "आंटी, आपने क्या छोड़ा?" आणि मी म्हणते, काही नाही. लोक त्याच्या मागे प्रेमाने जातात असं मी जन्मभर ऐकत आले. मी हेव्याने गेले, माझ्या नवऱ्याला त्याच्याबरोबर एकटं सोडायचं नाही म्हणून गेले. तिकडे हे चालतं की नाही, मला माहीत नाही. अजून तरी कोणी मला परत पाठवलेलं नाही.